शांत होण्याआधी शरीराला सुरक्षित वाटावं लागतं

वर्षावास सुरू झाला की गावोगावच्या विहारांत ध्यानाचे वर्ग भरतात. वंदना, त्रिसरण-पंचशील झालं की सूचना येते : पाठ ताठ ठेवा, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, शरीर शांत होऊ द्या. वीस मिनिटांनी घंटा वाजते. बहुतेकांचे चेहरे हलके झालेले असतात. कुणी म्हणतं, आज फार बरं वाटलं. पण त्याच सतरंजीवर दोन-तीन जण असेही असतात, ज्यांच्या तळहातांना घाम फुटलेला असतो, छाती धडधडत असते, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालेलं असतं. ते कुणाला सांगत नाहीत. "आपलं मनच चंचल, आपल्याला ध्यान जमायचं नाही," असं स्वतःशीच ठरवतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत.

या वेळचं आरोग्याचं पान मुख्यतः त्या दोन-तीन जणांसाठी आहे, आणि वर्ग घेणाऱ्या उपासक-उपासिकांसाठीही. शांतता शरीराला हुकूम देऊन येत नाही. आपण आत्ता, इथे सुरक्षित आहोत अशी शरीराची खात्री पटली, की ती मागोमाग येते. खात्री पटलेली नसेल तर डोळे मिटून कितीही जोर लावला तरी उलटंच होतं. त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो.

शरीराचा पहारा

हृदयाची गती, पचन, घाम, रक्तदाब ही कामं आपल्याला न विचारता चालतात. त्यांचा कारभार स्वायत्त चेतासंस्था पाहते. तिचे दोन मोठे भाग आहेत. धोका जाणवला की पहिला भाग पुढे होतो. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळतं, तोंड कोरडं पडतं, पोटाचं काम मंदावतं. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी भीती, भूक आणि राग यांत शरीरात होणारे हे बदल १९१५ साली पुस्तकरूपाने मांडले. 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. दुसरा भाग उलट दिशेने काम करतो. धोका टळला, जेवण झालं, माणसं आपली आहेत असं वाटलं की तो हृदयाला सावकाश करतो, आतड्यांना कामाला लावतो, स्नायू सैल सोडतो.

या दुसऱ्या भागातली सर्वांत मोठी नस म्हणजे व्हेगस. ती मेंदूच्या बुंध्यापासून निघून मानेतून खाली हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी इथवर जाते. आपल्याला वाटतं, मेंदू वरून आज्ञा देतो आणि शरीर ती पाळतं. पण या नसेतले बहुसंख्य तंतू खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे बातम्या नेणारे आहेत. छाती कशी हलते आहे, पोट आवळलं आहे की सैल आहे, हे मेंदू सतत ऐकत असतो आणि त्यावरून परिस्थिती कशी आहे याचा अंदाज बांधतो. म्हणून घाबरलेल्या माणसाला "घाबरू नकोस" म्हटल्याने फारसा फरक पडत नाही, पण कुणी शेजारी बसून हात हातात धरला तर पडतो. बाळाला समजावून कुणी झोपवत नाही, थोपटून झोपवतात.

याची परीक्षा घरीच करता येते. धम्म 'एहिपस्सिक' आहे, स्वतः येऊन पाहायचा आहे, हे आपण वंदनेत म्हणतोच. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधा. सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास आत घेताना ठोके किंचित भराभर पडतात आणि सोडताना थोडे मंदावतात. तरुणांना हे सहज कळतं, वय वाढतं तसं ते कमी स्पष्ट होतं. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा वेग ६ च्या आसपास आणला की ठोक्यांचा हा चढउतार सर्वांत मोठा होतो. लांब उच्छ्वासाने बरं वाटतं त्यामागे ही साधी यंत्रणा आहे. त्यात चमत्कार नाही, आणि कुणा बाबाबुवाच्या कृपेची गरजही नाही.

शरीराच्या आतल्या जाणिवांना इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये वेगळं नाव देऊन त्यांना बाहेरच्या जाणिवांपासून वेगळं काढलं. भूक, तहान, धडधड, पोटातली कळ, मूत्राशय भरल्याची जाणीव या सगळ्या त्यात येतात. पण जाणीव आणि तिचा अर्थ या दोन गोष्टी आहेत. विहाराच्या तीन मजल्यांच्या पायऱ्या चढून आल्यावर छाती धडधडली तर कुणी घाबरत नाही. तीच धडधड बंद खोलीत, डोळे मिटलेले असताना, काही कारण दिसत नसताना जाणवली, तर मेंदू म्हणतो, काहीतरी बिघडलं आहे. मग भीतीने धडधड आणखी वाढते आणि वाढलेल्या धडधडीने भीती. शरीराकडे लक्ष देणं म्हणजे आपोआप शांत होणं, हे समीकरण त्यामुळेच सरसकट खरं नाही.

अलीकडे स्टीफन पोर्जेस यांचा एक सिद्धांत ध्यानवर्गांत फार सांगितला जातो. १९९४ साली मांडलेल्या या सिद्धांतात व्हेगस नसेच्या शाखांवरून सुरक्षिततेच्या भावनेचं सगळं गणित सोडवलेलं आहे. त्यातल्या शरीररचनेच्या दाव्यांवर बऱ्याच शरीरशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. सुरक्षित वाटल्याशिवाय शरीर सैल होत नाही ही गोष्ट मात्र त्या सिद्धांताच्या आधीपासून प्रत्येक आईला आणि प्रत्येक चांगल्या नर्सला ठाऊक आहे. आपल्या कामाला तेवढं पुरे.

ज्यांचं शरीर जागं राहायला शिकलं आहे

नवरा दारू पिऊन येतो त्या घरातल्या बाईला कडीचा आवाज ओळखू येतो. आजची कडी कशी वाजली यावरून तिचं पोट आवळतं किंवा सुटतं. विचार नंतर येतो. शाळेत सगळ्या वर्गासमोर जातीवरून बोललं गेलेल्या मुलाचे खांदे पुढे पन्नास वर्षं वर चढलेले राहू शकतात. शहरात भाड्याची खोली बघायला गेल्यावर घरमालकाने पूर्ण नाव विचारलं, की छातीत काय होतं हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. हे शरीर आजारी नाही. ते पहारा द्यायला शिकलेलं आहे, आणि त्या पहाऱ्यामुळे कधीकाळी त्याचा बचावही झालेला आहे.

अशा माणसाला आपण सांगतो : डोळे मिटा. म्हणजे पहारेकऱ्याला सांगतो, दिवा मालव आणि दाराकडे पाठ करून बस. तो बसेल का?

श्वासाचंही तसंच आहे. आपण धरून चालतो की श्वास ही सगळ्यांसाठी निरुपद्रवी गोष्ट आहे. ज्याने गटाराच्या चेंबरमध्ये उतरून काम केलं आहे, बंद जागेत कोंडलेली हवा ओढली आहे, त्याच्यासाठी ती तशी नाही. २०२१ च्या कोरोना लाटेत जे ऑक्सिजनवर होते, किंवा ज्यांनी आपलं माणूस श्वासासाठी तडफडताना पाहिलं, त्यांच्यासाठी नाही. दम्याच्या रुग्णासाठी नाही. या लोकांनी नाकपुडीवर लक्ष नेलं की पहिली आठवण धापेचीच येते.

विश्रांतीने काही जणांची भीती वाढते, ही गोष्ट मानसशास्त्राच्या अभ्यासातही नोंदलेली आहे. हाइड आणि बोर्कोवेक या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये, सतत ताणाखाली असलेल्या लोकांना विश्रांतीची तंत्रं शिकवताना त्यांच्यातल्या काहींचा ताण कमी होण्याऐवजी वाढतो, असं दाखवलं. २०१७ मध्ये लिंडाल, ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य देशांतल्या बौद्ध ध्यान करणाऱ्यांच्या दीर्घ मुलाखतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, झोप उडणं, जुन्या आठवणी उसळून येणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, असे अनेक त्रासदायक अनुभव नोंदवलेले आहेत, आणि ते फक्त नवख्यांचे नव्हते. याचा अर्थ ध्यान वाईट असा कुणी काढू नये. औषध गुणकारी आहे म्हणूनच त्याची मात्रा पाहावी लागते.

वेसालीची गोष्ट

आपल्याकडे कुणी ध्यानात अस्वस्थ झालं की सांगितलं जातं, "जुने विकार बाहेर पडताहेत, सहन करा, बसून राहा." कधी कधी हा सल्ला बरोबरही असतो. पण तो प्रत्येकाला, प्रत्येक वेळी देणाऱ्यांनी संयुत्त निकायातला एक प्रसंग वाचावा. विनयपिटकातही तो आला आहे.

भगवान बुद्ध वेसालीच्या महावनात, कूटागारशाळेत राहत होते. त्यांनी भिक्खूंना अशुभ भावना, म्हणजे देहाच्या किळसवाण्या बाजूवर लक्ष ठेवण्याची साधना सांगितली आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. इकडे भिक्खूंनी ती साधना जोराने केली. परिणाम असा झाला की त्यांना स्वतःच्या शरीराचीच घृणा वाटू लागली आणि कित्येकांचे जीव गेले. एकांतातून परतल्यावर भगवानांनी आनंदांना विचारलं, भिक्खुसंघ इतका विरळ का दिसतो? आनंदांनी घडलेलं सांगितलं आणि दुसरी काही रीत शिकवावी अशी विनंती केली. भगवानांनी परिसरातल्या सगळ्या भिक्खूंना एकत्र बोलावलं आणि आनापानसति शिकवली. तिला त्यांनी दिलेली उपमा उन्हाळ्याच्या अखेरची आहे : धुळीचे लोट उठलेले असावेत आणि अवचित मोठा पाऊस येऊन ती धूळ जागीच बसावी.

अट्ठकथेत या घटनेचं कारण त्या भिक्खूंच्या पूर्वजन्मीच्या कर्मात शोधलेलं आहे. आजच्या दुःखाचा हिशोब मागच्या जन्मावर टाकण्याची ही पद्धत बाबासाहेबांनी आपल्याला नाकारायला शिकवली, त्यामुळे ते स्पष्टीकरण बाजूला ठेवू. मूळ प्रसंगात जे आहे ते आरोग्याच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. शरीरावरची एक साधना लोकांना झेपली नाही. शिक्षकाने त्यांना दुबळं ठरवलं नाही, 'अजून जोर लावा' असंही म्हटलं नाही. त्याने रीत बदलली.

आणि आनापानसतीचा क्रमही लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. तिच्या १६ पायऱ्या आहेत. पहिल्या दोनमध्ये श्वास लांब आहे की आखूड एवढंच जाणायचं आहे. तिसरीत सगळ्या शरीराचा अनुभव घेत श्वास घ्यायचा आहे. शरीराचे व्यापार शांत करण्याची गोष्ट चौथ्या पायरीवर येते. आपल्या वर्गांत ती पहिल्याच वाक्यात उरकली जाते. सात बोज्झंगांतही 'पस्सद्धि', म्हणजे शरीर-मनाची निवांत शांती, पाचवी आहे आणि ती प्रीतीनंतर येते. अंगुत्तर निकायात तर स्पष्टच म्हटलं आहे की ज्याचं मन प्रीतीने भरलं आहे त्याला 'माझं शरीर शांत होवो' अशी इच्छा धरावी लागत नाही, ते होणं हा निसर्गनियमच आहे. ही साखळी त्या सुत्तात सुरू होते शीलापासून. ते आपण पुढे पाहू.

तथागतांच्या स्वतःच्या आयुष्यातली गोष्टही या बाजूनेच बोलते. कठोर तपाने शरीर हाडांचा सापळा झालं तेव्हा त्यांना आठवली ती लहानपणीची वेळ. वडील कामात आहेत, आपण जांभळाच्या झाडाच्या थंडगार सावलीत बसलो आहोत आणि मन आपोआप निवलं आहे. अशा निर्दोष सुखाला मी का भ्यावं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला केला, आणि इतक्या कृश शरीराने ते साधायचं नाही हे ओळखून ते पुन्हा जेवू लागले. आपण याला सुजाताच्या खिरीची गोष्ट म्हणून ओळखतो. सावली, जवळ आपलं माणूस, पोटात अन्न : याच क्रमाने शरीराला खात्री पटते.

सुरुवात कशी करावी

पुढे सांगतो ती रीत दहा मिनिटांची आहे. घरी, विहारात, दुपारच्या सुट्टीत कुठेही करता येते.

जागा आधी निवडा. पाठीला भिंत हवी आणि दार नजरेच्या टप्प्यात हवं. मांडी घालून बसलंच पाहिजे असं नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, तळवे जमिनीला टेकलेले असू द्या. दिवा चालू राहू द्या. डोळे उघडे ठेवा, किंवा चार-पाच फुटांवर जमिनीकडे सैल सोडा. पहिलं मिनिट फक्त खोलीकडे बघण्यात घालवा. मान सावकाश फिरवा आणि दिसतं ते मनात म्हणा : खिडकी, दोरीवरचा टॉवेल, बाबासाहेबांचा फोटो, कॅलेंडर. हे पोरखेळासारखं वाटेल. पण पहारेकरी चारी बाजू तपासल्याशिवाय बसत नाही, म्हणून त्याला आधी तपासू द्यायचं.

मग तळपायांकडे या. जमीन गार आहे की कोमट? टाचेवर जास्त भार आहे की चवड्यावर? खुर्चीने मांड्यांना, भिंतीने पाठीला जो आधार दिला आहे तो जाणवतो का? तळहात एकमेकांवर किंवा मांडीवर ठेवून त्यांची ऊब पाहा. हात आणि पाय बहुतेकांसाठी छाती-पोटापेक्षा सोपे असतात, कारण भीतीचा गोळा सहसा तिथे नसतो. जिथे बरं वाटतं किंवा निदान काही वाईट वाटत नाही, अशी एक जागा शोधा. कुणाची ती तळहातात असते, कुणाची टाचेत, एखाद्याची कानाच्या पाळीत. ती तुमची सावलीची जागा.

(मधुमेह असणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना : तळपाय बधिर वाटले, जमीन कळलीच नाही, किंवा मुंग्या येत राहिल्या, तर ती ध्यानातली प्रगती समजू नका. नसांवर साखरेचा परिणाम झाल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना पाय दाखवा आणि रोज रात्री तळव्यांना जखम नाही ना, ते बघत जा.)

दोन-तीन मिनिटं तिथे राहिल्यावरच बाकीच्या शरीराकडे थोडं थोडं जायचं. खांदे, जबडा, पोट. जबड्यात घट्टपणा सापडला तर तो सोडवायच्या मागे लागू नका. 'इथे घट्ट आहे' एवढं जाणा, तीन-चार श्वास थांबा आणि परत तळहातात या. पुन्हा जा, पुन्हा या. विहिरीत पोहायला शिकणारं पोर जसं कठडा धरून हातभर पुढे जातं आणि परत कठड्याला येतं, तसं. हे जाणं-येणं हाच सराव आहे. श्वासाकडे लक्ष देणं सोसत असेल तर उच्छ्वास थोडा लांबू द्या. तोंडाने हळू फुंकर घातल्यासारखा सोडलात तरी चालेल. श्वास कोंडून मात्र धरू नका, विशेषतः दमा, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असेल तर.

बसणं जमतच नसेल तर चाला. सतिपट्ठान सुत्तात चालणं, उभं राहणं, बसणं आणि पडणं या चारही स्थितींना सारखाच मान आहे. हात वाकवणं, वस्त्र घेणं, खाणं, पिणं यांतही जाणीव ठेवायला सांगितलं आहे. मज्झिम निकायातल्या भयभेरव सुत्तात तथागत स्वतःच्या रानातल्या भीतीबद्दल बोलतात. चालताना भीती आली तर ते चालत राहूनच तिचा निचरा करत, बसत नसत. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बाईला भांडी घासताना पाण्याचा गारवा आणि मनगटाची हालचाल जाणवली, तर तीही कायानुपश्यनाच आहे. तिला वेगळा अर्धा तास मिळत नाही म्हणून तिने अपराधी वाटून घेऊ नये.

पूर्ण शरीरावरून क्रमाने लक्ष फिरवण्याची रीत आपल्याला दोन वाटांनी माहीत झाली आहे. एक, ब्रह्मदेशातल्या ऊ बा खिन यांच्या परंपरेतून. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या केंद्रात दहा दिवसांची शिबिरं भरू लागली. दुसरी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमातून. त्यात शरीरावर लक्ष फिरवण्याचा सराव आडवं पडून करतात. दोन्ही रीतींनी असंख्य लोकांना फायदा झाला आहे. पण दहा दिवस मौन ही मोठी मात्रा आहे. ज्याला घरी दहा मिनिटं बसताना घाबरल्यासारखं होतं, त्याने ती पहिली पायरी म्हणून निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शांत की सुन्न?

खोल शांततेचा अनुभव आला की तो ओळखायला अवघड नसतो. श्वास इतका हळू होतो की आहे की नाही कळत नाही. तोंडात लाळ सुटते, पोट गुरगुरतं (हे चांगलं लक्षण आहे, लाजू नका), हातपाय उबदार आणि जड होतात, चेहऱ्याचे स्नायू उतरतात. कधी डोळ्यांत पाणी येतं, दुःख नसतानाही. बाहेर रिक्षा गेली तर ती ऐकू येते, पण दचकायला होत नाही.

हिच्यासारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली पेंग. मान पडते, मधली मिनिटं हरवतात, उठल्यावर डोकं जड असतं. त्यावर उपाय साधा आहे : उभं राहा, तोंडावर पाणी मारा, आणि रात्रपाळी करून आला असाल तर सरळ झोपा. झोपेची थकबाकी ध्यानाने फिटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण ती शांततेच्या नावावर खपते. तिला आपण सुन्नपणा म्हणू. धोका फारच मोठा असेल आणि लढताही येत नसेल, पळताही येत नसेल, तेव्हा शरीर तिसरा मार्ग धरतं : गोठतं. मारझोड किंवा अत्याचार सोसलेल्या माणसांना हा मार्ग सवयीचा झालेला असतो. ध्यानात त्यांना 'काहीच वाटत नाही, सगळं दूर गेलं' असं होतं आणि वर्ग घेणारा म्हणतो, वा, छान समाधी लागली! फरक तपासायला तीन प्रश्न पुरतात. शेजारच्याचा आवाज स्पष्ट येतो की काचेपलीकडून आल्यासारखा? हात हलवावासा वाटला तर लगेच हलतो का, आणि तो आपला वाटतो का? उठल्यावर माणसांशी बोलावंसं वाटतं की दिवसभर धुक्यात असल्यासारखं होतं? शांततेत आपण शरीरात असतो. सुन्नपणात शरीर सोडून गेलेलो असतो. दुसरं काही होत असेल तर डोळे पूर्ण उघडा, पाय जमिनीवर दाबा, गार पाण्याचा पेला हातात धरा, कुणाशी तरी बोला, आणि त्या दिवशी पुढे बसू नका.

अजून एक. काल छान शांत वाटलं, आज काहीच नाही, असं झालं की माणसं हिरमुसतात. शांतता हवामानासारखी येते-जाते. कालच्या अनुभवाची वाट बघत बसलेला माणूस आजच्या शरीराकडे बघतच नाही.

घर सुरक्षित नसेल तर

ज्या सुत्ताचा वर उल्लेख केला त्यातली साखळी शीलापासून सुरू होते हे महत्त्वाचं आहे. शील असलं की पश्चात्ताप नाही, पश्चात्ताप नसला की आनंद, त्यातून प्रीती, आणि प्रीतीतून शरीराची शांती. अंगुत्तर निकायातच दुसऱ्या ठिकाणी पंचशीलाला दान म्हटलं आहे. जो हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि मद्य यांपासून दूर राहतो, तो असंख्य जीवांना अभय देतो आणि त्या अभयात स्वतःही वाटेकरी होतो. आरोग्याच्या भाषेत सांगायचं तर एका माणसाने दारू सोडली की घरातल्या चार जणांच्या छातीची धडधड कमी होते. धम्माची खरी जागा माणसा-माणसांमधल्या व्यवहारात आहे असा बाबासाहेबांचा आग्रह होता, तो इथे अगदी शरीरापर्यंत खरा ठरतो.

म्हणून मार खाणाऱ्या बाईला 'ध्यान करा, मन शांत ठेवा' एवढाच सल्ला देणं हा सल्लाच नाही. तिच्या शरीराची धोक्याची सूचना खरी आहे. तिला आधी सुरक्षित जागा, सोबत आणि कायद्याची मदत हवी. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे. कामाच्या ठिकाणी जातीवरून अपमान होत असेल तर त्यावरही तक्रार हवी, फक्त दीर्घ श्वास नव्हे. शरीर थोडं स्थिर असलं तर तक्रार लिहिताना हात कापत नाही आणि साहेबासमोर शब्द सापडतात, एवढा ध्यानाचा उपयोग तिथे नक्की आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावं

छातीत दाब किंवा कळ येऊन ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, सोबत घाम आणि धाप असेल, तर श्वास मोजत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. वारंवार धडधड होत असेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्या स्त्रियांत रक्त कमी असल्यामुळे होणारी धडधड फार वेळा 'टेन्शन' म्हणून सोडून दिली जाते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या ध्यान सुरू केलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांना भास होतात, संशय येतो, किंवा अतिउत्साह आणि खोल निराशेचे झटके येऊन गेले आहेत, त्यांनी लांब मौन शिबिराला जाण्यापूर्वी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारावं. ध्यानानंतर सलग काही रात्री झोप उडाली, जुने प्रसंग डोळ्यांसमोरून हलेनात, किंवा जगू नये असे विचार येऊ लागले, तर ध्यान थांबवा आणि मदत घ्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वर्ग घेणाऱ्यांनी पुढच्या रविवारी एवढं करून पाहावं. दार उघडं ठेवा आणि दिवा चालू. सुरुवातीलाच सांगा की डोळे उघडे ठेवले तरी चालतील, मधे उठून बाहेर गेलं तरी चालेल, कुणी कारण विचारणार नाही. सूचना देताना कुणाच्या मागे उभे राहू नका, आणि कुणाचे खांदे न विचारता सरळ करू नका. घंटा हळू वाजवा. नंतर चहाच्या वेळी "कसं वाटलं?" असं सगळ्यांसमोर विचारण्याऐवजी, जो गप्प राहिला आहे त्याच्या शेजारी कप घेऊन जाऊन बसा.